जीन्स सारखी खाली घसरते? कंबरेचा नंबर नंतर, आधी ‘आसन’ बघा!

पाचगणी : स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यात वाकलेला माणूस दर दोन मिनिटांनी एक हात मागे नेतो आणि पँट वर ओढतो. टेबललँडवर घोड्याचा लगाम धरून पर्यटकाला फिरवणारा पोरगाही तेच करतो. हॉटेलात खाली वाकून टेबलं पुसणाऱ्याचं तेच, आणि पसरणी घाटातून दुचाकीवर वाईला जाणाऱ्याचं पण तेच. फरक एवढाच की घाटाच्या वळणावर हँडलचा एक हात सुटला तर ते जिवावर बेतू शकतं.

‘उभं राहिलं की झकास बसते, वाकलं की खाली येते’ ही जीन्सची तक्रार गावोगावी ऐकू येते. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. पुढच्या वेळी एक नंबर कमी घेतात, नाहीतर पट्ट्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडतात. पोटाला वळ उठतात, तरी पँट घसरायची थांबत नाही. कारण बऱ्याचदा दोष कंबरेत नसतोच. तो असतो आसनात.

हातावर पोट असणाऱ्यासाठी एक जीन्स म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. ती कपाटात पडून राहिली तर पैसे पाण्यात. म्हणून जीन्स घेण्याआधी काय बघायचं, घेतलेली चुकली तर काय करायचं आणि टेलरकडे नेमकं काय सांगायचं, हे समजून घेतलेलं बरं.

टेलर म्हणतो, ‘आधी बस खाली!’

जुन्या टेलरच्या दुकानात असा संवाद हमखास होतो.

‘‘मामा, कंबर जरा आवळून द्या. सारखी खाली येतीय.’’

‘‘आवळू की. पण आधी बस खाली. उकिडवा बस.’’

गिऱ्हाईक बसतं. मागून पँट चार बोटं खाली जाते.

‘‘बघ, कंबर बरोबर हाय. आसन आखूड हाय. आवळून काय उपयोग न्हाई.’’

आसन म्हणजे पँटचा तो भाग, जो दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून पुढे आणि मागे कंबरपट्टीपर्यंत जातो. दुकानात ‘लो वेस्ट’, ‘मिड राइज’, ‘हाय राइज’ असं जे म्हणतात, ते याच मापाबद्दल. आपण उकिडवे बसतो तेव्हा मागची बाजू ताणली जाते आणि तिथे जास्त कापड लागतं. आसन आखूड असेल तर हे कापड येणार कुठून? मग कंबरपट्टीच खाली ओढली जाते. पट्टा कितीही घट्ट असला तरी ही ओढ थांबत नाही.

आपल्या आजोबांना ही अडचण कधी आली नाही. धोतर किंवा नऊवारी लुगडं अंगाला गुंडाळायचं, निऱ्या घालायच्या, खोचायचं. जेवल्यावर सैल करता येतं, शेतात वाकताना काष्टा आवळता येतो. त्याला नंबर नसतो, माप माणूस स्वतः ठरवतो. शिवलेल्या कपड्याचं माप मात्र कारखान्यात ठरलेलं असतं. म्हणून ते आपल्या अंगाला जुळतंय का, हे आपल्यालाच तपासावं लागतं.

आधी रोग ओळखा

जीन्स कधी घसरते याकडे दोन दिवस नीट लक्ष दिलं की कारण सापडतं.

१. चालताना घसरते : कंबर खरोखर सैल आहे. किंवा मागची बाजू सपाट असल्याने पँटला टेकायला आधारच नाही. बारीक अंगाच्या पुरुषांत हे जास्त दिसतं.

२. बसताना-वाकताना घसरते : आसन आखूड आहे, किंवा मांडी आणि सीट घट्ट आहे. घट्ट मांडीत कापड अडकतं आणि वाकलं की सगळी पँट खाली ओढली जाते.

३. सकाळी बरोबर, संध्याकाळी सैल : कापड ताणलं जातंय आणि परत आवळत नाही. हा कापडाचा दोष आहे.

४. समोरून बरोबर, मागून कंबरेला हात जाईल एवढी फट : कंबर आणि नितंब यांच्या मापात फरक जास्त आहे. महिलांची ही सगळ्यात मोठी तक्रार.

५. पोटाखाली सरकते : पोट पुढे आहे. पँट पोटाच्या उतारावर थांबत नाही, घसरून त्याच्या खाली जाऊन बसते.

पाच रोगांवर एकच औषध चालत नाही. पहिल्याला कंबर आवळून चालेल. दुसऱ्याला पँटच बदलावी लागेल, कारण आसन आवळता येतं, वाढवता सहसा येत नाही. त्याला लागणारं जास्तीचं कापड पँटमध्ये नसतंच.

घरी दहा मिनिटांत माप

तुमच्याकडे एखादी तरी पँट अशी असेलच, जी घातली की विसरून जाता. तीच तुमची खरी मापपट्टी. ती पलंगावर किंवा फरशीवर सपाट पसरा, बटण लावा आणि इंची टेपने ही मापं घ्या.

कंबर : कंबरपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा.

पुढचं आसन : पायांच्या मध्ये चार शिवणी जिथे मिळतात, तिथून वर कंबरपट्टीच्या काठापर्यंत.

मागचं आसन : तिथूनच मागच्या कंबरपट्टीच्या काठापर्यंत. हे पुढच्यापेक्षा साधारण तीन-चार इंच जास्त असतं. वाकून काम करणाऱ्यांसाठी हेच माप सगळ्यात महत्त्वाचं.

मांडी : चार शिवणींच्या एक इंच खाली आडवं मोजा, दुप्पट करा.

आतली लांबी : चार शिवणींपासून आतल्या बाजूने खाली बॉटमपर्यंत.

ही पाच मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मध्यम उंचीच्या पुरुषांच्या जीन्समध्ये पुढचं आसन साधारण आठ-नऊ इंच असेल तर ती लो वेस्ट, दहाच्या आसपास असेल तर मध्यम आणि अकराच्या पुढे असेल तर हाय वेस्ट समजायची. शेतात, घोड्यावर, दुचाकीवर किंवा हॉटेलात दिवसभर ऊठबस असेल तर मध्यम किंवा त्याहून उंच आसनाचीच घ्यावी.

नंबर ३२, पण माप ३४ कसं?

लेबलवर ३२ लिहिलं म्हणजे कंबरपट्टी ३२ इंचच भरेल असं नाही. काही कंपन्या मुद्दाम सैल कापतात. गिऱ्हाइकाला लहान नंबर बसला की त्याला बरं वाटतं, एवढंच त्यामागचं गणित. शिवाय लो वेस्ट जीन्स कंबरेच्या खाली, शरीर रुंद होतं त्या जागी बसते. तिथलं माप वेगळंच असतं.

एकाच कंपनीच्या, एकाच नंबरच्या दोन जीन्स वेगळ्या बसतात, तेही खरं आहे. उल्हासनगर हे राज्यातलं जीन्स शिवण्याचं मोठं केंद्र. तिथे असो किंवा दुसरीकडे, कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून मशीनने एकदम कापतात. वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडू शकतो. शिवून झाल्यावर जीन्सला ‘वॉश’ देतात, म्हणजे रंग फिका आणि कापड मऊ करण्यासाठी मोठ्या मशीनमध्ये धुतात. त्यात कापड आटतं, पण प्रत्येक नग सारखा आटत नाही.

म्हणून दुकानात एक जीन्स आवडली की त्याच नंबरच्या दोन मागा आणि दोन्ही घालून बघा. हातगाडीवर किंवा आठवडी बाजारात घालून बघायची सोय नसेल तर खिशात इंची टेप ठेवा. पँट पसरून कंबर, आसन आणि मांडी मोजायला दोन मिनिटं लागतात.

ट्रायल रूममध्ये आरशापेक्षा हे बघा

बहुतेक जण जीन्स घालतात, आरशासमोर सरळ उभे राहतात आणि पैसे देतात. पण दिवसभर कोण सरळ उभं राहतं? त्यापेक्षा ही परीक्षा घ्या.

बटण लावताना श्वास ओढावा लागतो का? लागत असेल तर नको.

मागच्या कंबरपट्टीत दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. पूर्ण पंजा जात असेल तर सैल आहे.

उकिडवे बसा. मागून कंबर उघडी पडते का, ते हाताने तपासा. गुडघ्याला आणि मांडीला कापड चावत नाही ना, तेही बघा.

एक पाय स्टुलावर ठेवा. दुचाकीवर टांग टाकतो तेवढा पाय उचलता आला पाहिजे.

खिशात मोबाइल आणि गाडीची किल्ली टाकून चार पावलं चाला. आजचा मोबाइल दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. रिकाम्या खिशाने बरोबर बसणारी पँट या वजनाने खाली येते.

यात पट्टा लावायचा नाही. पट्ट्याशिवाय जी पँट जागेवर राहते, तीच मापाची. पट्टा हा आधार आहे, औषध नाही.

कापडाचं लेबल वाचा

आतल्या बाजूला एक छोटी पांढरी पट्टी शिवलेली असते. त्यावर कापूस किती, पॉलिस्टर किती आणि इलास्टेन किती ते लिहिलेलं असतं. इलास्टेन म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. त्यालाच स्पँडेक्स म्हणतात, आणि ‘लायक्रा’ हे त्याच्या एका ब्रँडचं नाव.

शंभर टक्के कापसाची जीन्स सुरुवातीला ताठ वाटते, घालून थोडी सैल होते आणि धुतली की परत आवळते. ती टिकाऊ असते. एक-दोन टक्के इलास्टेन असलेली जीन्स वाकायला सोपी जाते, रोजच्या कामाला ती बरी. त्याहून जास्त ताणणारी, पातळ कापडाची जीन्स दुकानात फार आरामदायी वाटते. पण ताणून परत मूळ जागी येणं तिला जमलं नाही तर संध्याकाळपर्यंत ती गुडघ्याला फुगते आणि कंबरेला ढिली पडते.

साधी परीक्षा आहे. मांडीजवळचं कापड दोन्ही हातांनी आडवं ताणा, पाच आकडे मोजा आणि सोडा. लगेच पूर्ववत झालं तर कापड चांगलं. सुरकुती तशीच राहिली तर ती जीन्स दुपारनंतर घसरणार हे नक्की. ताणणारी जीन्स घेताना ती सुरुवातीला अंगाला नीट लागून बसेल अशी घ्यावी, कारण थोडी सैल होणार हे धरूनच चालायचं.

मोठ्या जागेला बसवा, कंबर टेलरकडे सोपवा

सगळ्या मापांची जीन्स मिळत नसेल तर एक सोपा नियम लक्षात ठेवा. शरीराची जी जागा सगळ्यात रुंद, तिथे बसणारी जीन्स घ्या. मांडी आणि सीट नीट बसली, आसन पुरलं, तर कंबर आवळणं टेलरला सोपं आहे. उलट कंबरेला बसणारी पण मांडीत अडकणारी जीन्स कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

टेलरकडे फक्त ‘कंबर आवळून द्या’ असं सांगू नका. पँट घालून दाखवा आणि फट नेमकी कुठे आहे ते सांगा. फट मागच्या बाजूला असेल तर मागची मधली शिवण उसवून, कंबरपट्टीसकट आत घ्यायला सांगा. एक-दीड इंचापर्यंत हे काम नीटनेटकं होतं. दोन इंचांच्या पुढे गेलं तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा एक नंबर कमी शोधावा. थोडीच फट असेल तर कंबरपट्टीच्या आतून दोन्ही बाजूंना इलास्टिक घालूनही भागतं. लहान मुलांच्या पँटमध्ये काज असलेलं इलास्टिक आणि आत बटण असतं, ती सोय वाढत्या पोरांसाठी उत्तम. एकच पँट दोन वर्षं निघते.

अजून एक गोष्ट. नवी जीन्स लांबीला कापायच्या आधी एकदा धुऊन वाळवा. कापसाची जीन्स पहिल्या धुण्यात आटू शकते. आधी कापली आणि मग आटली तर घोट्याच्या वर जाऊन बसते.

महिलांच्या जीन्सची फट

कॉलेजला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुली आता गावातूनही जीन्स घालून बाहेर पडतात. त्यांची अडचण वेगळी. नितंबाला बसेल अशी घेतली की कंबर मोकळी राहते, आणि कंबरेला बसेल अशी घेतली की मांडीच्या वर चढत नाही.

यावर दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, कंबरपट्टी. ती सपाट पसरल्यावर सरळ पट्टीसारखी असेल तर मागे फट राहण्याची शक्यता जास्त. किंचित कमानीसारखी वळलेली असेल तर ती कंबरेच्या उताराला चिकटते. दुसरी, योक. मागच्या खिशांच्या वर इंग्रजी ‘व्ही’ आकाराची जी शिवण असते, तो योक. हा ‘व्ही’ जितका खोल, तितका मागच्या बाजूला गोलावा जास्त. अशी, उंच आसनाची जीन्स कमरेच्या बारीक भागावर टेकते आणि तिला खाली यायला वाट राहत नाही.

पट्टा आला शंभर वर्षांपूर्वी

पँट वर राहण्याचा प्रश्न जीन्सइतकाच जुना आहे. अमेरिकेतला शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचे व्यापारी लीव्हाय स्ट्रॉस यांनी २० मे १८७३ रोजी खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं. मजुरांच्या पँटचे खिसे फाटू नयेत, हा त्यामागचा उद्देश. त्या पँटना पट्ट्यासाठी लूप नव्हते. खांद्यावरून जाणारे गॅलिस लावायला बटणं होती आणि मागे आवळायला एक छोटी पट्टी व बक्कल होतं. पट्ट्याचे लूप आले १९२२ मध्ये.

या गोष्टीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. इंग्रजीत जाड्याभरड्या कामाच्या पँटला ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द डोंगरी भागात मिळणाऱ्या जाड सुती कापडावरून गेला.

पोट पुढे असलेल्या माणसाला आजही गॅलिसच सोयीचे. पट्ट्याने पोट आवळण्यापेक्षा पँटचं वजन खांद्यावर गेलेलं चांगलं. वर शर्ट मोकळा सोडला तर ते दिसतही नाहीत. पट्टाच लावायचा असेल तर दीड इंच रुंदीचा घ्या. अरुंद पट्टा कातडीत रुततो आणि पँटला पुरेसा आधारही देत नाही.

आवळण्याचा अतिरेक नको

फार घट्ट पट्टा किंवा जीन्स नुसती गैरसोयीची नसते, ती दुखणंही आणते. कंबरेपाशी मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस असते. ती सतत दाबली गेली तर मांडीला मुंग्या येतात, जळजळ होते, बधिरपणा येतो. डॉक्टर याला ‘मेराल्जिया पॅरास्थेटिका’ म्हणतात. पोट सुटलेल्यांना आणि घट्ट पट्टा लावणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो.

ऑस्ट्रेलियातली एक घटना २०१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. ३५ वर्षांची एक महिला घर बदलणाऱ्या नातेवाइकाला मदत करत होती. अंगाला चिकटलेली जीन्स घालून ती कित्येक तास उकिडवी बसून कपाटं रिकामी करत राहिली. संध्याकाळी पाय बधिर झाले आणि चालता चालता ती पडली. पाय इतके सुजले की जीन्स कापून काढावी लागली. चार दिवसांनी ती आधाराशिवाय चालू लागली.

खुरपणी आणि स्ट्रॉबेरीची तोडणीही तासन्‌तास उकिडवं बसूनच होते. त्यामुळे शेतात जाताना पिंढरीला चिकटणारी स्किनी जीन्स नको. मांडीला सैल, गुडघ्याला मोकळी अशी घाला. काम करताना मध्ये मध्ये उठून पाय मोकळे करा. बधिरपणा किंवा सूज जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

पाचगणीचा पाऊस आणि जीन्स

जून ते सप्टेंबर डोंगरावर पाऊस आणि धुकं. जीन्सचं जाड कापड भरपूर पाणी धरतं. ओली जीन्स जड होते आणि त्याच वजनाने खाली येते. वर ती दोन-दोन दिवस वाळत नाही. मग लोक चुलीजवळ किंवा हीटरजवळ टांगतात. ताणणाऱ्या कापडाचं इथेच नुकसान होतं. कडक उष्णतेने इलास्टेनचा धागा मरतो आणि जीन्स कायमची ढिली पडते.

म्हणून जीन्स उलटी करून गार पाण्यात धुवा. ब्लीच आणि उकळतं पाणी टाळा. पिळून, कंबरेकडून चिमटे लावून, वारा लागेल अशा ठिकाणी सावलीत टांगा. भर पावसात रोज डोंगरावर काम असेल तर पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाची पँट जास्त सोयीची. जीन्स उघडीप मिळाल्यावर घाला.

मोबाइलवरून मागवताना

ऑनलाइन जीन्स घेताना नंबर न बघता ‘साइझ चार्ट’ उघडा. त्यात मापं अंगाची दिली आहेत की कपड्याची, ते आधी वाचा. कपड्याची असतील तर पलंगावर पसरून घेतलेल्या मापांशी जुळवा. आसनाचं माप दिलेलं नसेल तर फोटोत कंबरपट्टी बेंबीच्या किती खाली आहे ते बघा. आपल्या पिनकोडवर परत न्यायला माणूस येतो का, हेही ऑर्डर देण्याआधी तपासा. घालून बघेपर्यंत लेबल तोडू नका, धुऊ नका.

दुकानातून घेतली तर बिल मागा. माप न जुळणं हा कायद्याने मालातला दोष धरला जात नाही, त्यामुळे बदलून मिळेल का ते आधीच विचारून बिलावर लिहून घ्या. पण शिवण उसवलेली, चेन बिघडलेली किंवा कापड विरलेलं निघालं तर गोष्ट वेगळी. बिलात मुदत दिली नसेल तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

थोडक्यात सांगायचं तर, पुढच्या वेळी जीन्स घ्यायला जाल तेव्हा खिशात इंची टेप ठेवा, मोबाइलमध्ये पाच मापं ठेवा आणि पैसे देण्याआधी एकदा उकिडवे बसा. दुकानदार हसला तर हसू दे. वाफ्यात वाकल्यावर किंवा घाटाच्या वळणावर हात मागे न्यावा लागला नाही, म्हणजे झालं.